पेटीआधी पोचणारे कागद

२०२५ च्या मे महिन्यात भारतातून विमानाने गेलेल्या आंब्याच्या किमान पंधरा खेपा अमेरिकेत अडवल्या गेल्या. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा अशा विमानतळांवर. फळात दोष निघाला म्हणून नव्हे. अमेरिकेत आंबा पाठवायचा तर त्यावर आधी विकिरणाची प्रक्रिया करावी लागते, म्हणजे फळमाशी किंवा कोयीतला भुंगा फळाबरोबर तिकडे गेलाच, तरी त्याची पैदास होत नाही. ही प्रक्रिया ८ आणि ९ मे रोजी नवी मुंबईत झाली होती. पण ती अमेरिकी कृषी खात्याच्या अधिकाऱ्यासमोर रीतसर पार पडली, असं सांगणारा ‘पीपीक्यू २०३’ हा फॉर्म सदोष आहे, असं तिकडच्या यंत्रणेचं म्हणणं पडलं. निर्यातदारांपुढे दोन वाटा ठेवल्या गेल्या: माल स्वखर्चाने परत न्या, किंवा इथेच नष्ट करा. पिकायला आलेला आंबा पुन्हा विमानात घालून आणणं कुणालाच परवडणारं नव्हतं. माल नष्ट झाला. नुकसानीचा अंदाज सुमारे पाच लाख डॉलरचा होता.

‘एका कागदापायी एवढा आंबा फेकला?’ असा संताप तेव्हा व्यक्त झाला, आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही लॉस एंजेलिसच्या त्या टेबलामागे क्षणभर बसून पाहावं. विकिरण झालेला आंबा आणि न झालेला आंबा दिसायला अगदी सारखा. रंग तोच, वास तोच. कापला तरी फरक कळत नाही. अधिकाऱ्याने हापूसची पेटी उघडली तरी त्याला जे जाणून घ्यायचं आहे ते पेटीत दिसत नाही. ते फक्त कागदावर आहे. सरहद्द ओलांडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मालाची हीच गत असते. माल कुठे पिकला, कशाने फवारला, कुणाच्या मालकीचा, किती किमतीचा, वाटेत कुणी उघडला का, यातलं काहीच मालाकडे बघून सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आपल्या सहीने शब्द देतो आणि पुढचा माणूस त्या शब्दावर माल पुढे सोडतो. या प्रकरणात आपण अशा शब्दांची एक साखळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. त्यासाठी निफाडच्या द्राक्षांचा एक कंटेनर घेऊ, जो रॉटरडॅमला निघाला आहे.

ही पद्धत जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाची कामं सांगितली आहेत. नगराच्या मोठ्या दरवाजाजवळ शुल्कशाळा असावी, तिच्यावर ध्वज असावा, आणि चार-पाच लेखनिकांनी तांड्याकडून लिहून घ्यावं: व्यापारी कोण, कुठून आले, माल किती, त्यावर पहिली मुद्रा कुठे उमटली. मुद्रा नसेल तर शुल्क दुप्पट. मुद्रा खोटी असेल तर आठपट. या दोन आकड्यांतला फरक मला फार बोलका वाटतो. माल न नोंदवणं हा गुन्हा होताच, पण खोटी साक्ष उभी करणं हा त्याच्या चौपट मोठा गुन्हा मानला गेला. आपल्याकडे जुन्नरजवळच्या नाणेघाटात कातळाचा एक रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणूनच तो दाखवला जातो. कोकणातल्या बंदरांवरून जुन्नरकडे चढणारा माल त्या अरुंद खिंडीतून जाई, आणि जकात बसवायला अशीच जागा लागते.

आजची खिंड म्हणजे उरणजवळचं न्हावा-शेवा. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेलं हे बंदर आता देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी आहे. पण आपल्या कंटेनरचे कागद तिथे सुरू होत नाहीत. ते बागेत सुरू होतात, आणि तेही घड धरायच्या आधी.

युरोपला द्राक्षं पाठवायची असतील तर शेतकऱ्याला आपली बाग कृषी खात्याकडे प्लॉटनिहाय नोंदवावी लागते. ही नोंद अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ या संगणक प्रणालीत चढते. प्लॉटला क्रमांक मिळतो. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना नेतो आणि त्यात कीडनाशकांचे अंश किती आहेत ते तपासलं जातं. अहवाल बरोबर आला तरच त्या प्लॉटची द्राक्षं पॅकहाऊसमध्ये घेता येतात, आणि पुढची दोन प्रमाणपत्रं, प्रतवारीचं अ‍ॅगमार्क आणि वनस्पती-आरोग्याचं फायटो, याच अहवालाच्या आधारावर निघतात. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा आहे. या प्रयोगशाळांवर देखरेख तिची असते.

ग्रेपनेट २००६ साली सुरू झालं. त्याआधी २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडून इशारे निघाले होते. त्या फटक्यातून ही व्यवस्था उभी राहिली आणि पुढची काही वर्षं ती उत्तम चालली. मग २०१० चा हंगाम आला. युरोपातल्या प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. हे कीडनाशक नव्हे. वेलीची नुसती शेंड्याकडची वाढ आवरून घड सुटावेत म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ते वापरलं जायचं. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. तेरा टनांच्या आख्ख्या कंटेनरचा हिशेब केला तर सगळं मिळून पाऊण ग्रॅमही नाही. आणि आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत सीसीसीचं नावच नव्हतं. म्हणजे शेतकऱ्याने नियम पाळला होता, प्रयोगशाळेने यादीप्रमाणे तपासलं होतं, अहवाल खरा होता, सह्या खऱ्या होत्या. तरीही तिकडे माल नाकारला गेला, भाव कोसळले, आणि नाशिक-सांगलीतल्या अनेक बागायतदारांनी त्या साली कर्ज काढून बाग तगवली.

ही घटना मी थोडी लांबवून सांगतो आहे, कारण कागदांबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट तिच्यात उघडी पडते. प्रमाणपत्र फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. प्रश्न कुणी ठरवला, यादी कधी बदलली, समोरच्या देशाची यादी आणि आपली यादी जुळते का, हे त्यावर लिहिलेलं नसतं. नंतर यादीत सीसीसी आलं. दरवर्षी ही यादी सुधारून प्रसिद्ध होते आणि हंगामाआधी ती वाचणं हे औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचण्याइतकंच गरजेचं आहे. दुकानदाराने सांगितलं म्हणून फवारलं, हे उत्तर रॉटरडॅममध्ये चालत नाही.

फायटोची कथा तर मूळ द्राक्षाचीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे मुळापासून पोखरले. वेलींच्या रोपांबरोबर ती कीड समुद्र ओलांडून आली होती. १८७८ साली युरोपातले काही देश स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जमले आणि वेलींच्या देवघेवीवर एकत्र निर्बंध घालण्याचा करार त्यांनी केला. वनस्पतींचं आरोग्य सांभाळण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारांची सुरुवात तिथून धरतात. १९५१ मध्ये त्याच विचाराचा जगभरासाठीचा करार झाला, आणि आज आपल्या कंटेनरबरोबर जो फायटो जातो त्याचा नमुना त्या कराराने ठरवलेला आहे. शेवटी मळे वाचले ते अमेरिकी खुंटावर युरोपी वेलीचं कलम बांधल्यामुळे. नाशिकचा शेतकरी आज डॉगरिजच्या खुंटावर थॉम्पसन वाणाचं कलम बांधतो तेव्हा त्याचं कारण वेगळं असतं, क्षारपड जमीन आणि कमी पाणी. पण खुंटावर कलमाची ही वाट जगाने त्या संकटातच रुळवली. डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाने जवळपास सगळ्या ताज्या फळांना फायटो सक्तीचा केला. सूट मिळाली ती फक्त पाच फळांना: अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन.

आता पॅकहाऊसमध्ये येऊ. लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या आहेत. डोक्याला जाळीच्या टोप्या, हातात लहान टोकाच्या कात्र्या. घड देठाला धरायचा, मण्यांना बोटं लावायची नाहीत, कारण मण्यावरची पांढरी लव पुसली तर घड शिळा दिसतो. फुटका मणी कातरीने काढायचा, घड वजन करून पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डबीत, बसवायचा. दहा पनेटची पेटी. पेटीवर लेबल: वाण, प्रत, वजन, पॅकहाऊसचा क्रमांक, प्लॉटचा क्रमांक, तारीख. पेट्या पॅलेटवर रचून पट्ट्यांनी आवळतात आणि शीतगृहात रात्रभर थंड करतात. पॅलेटच्या लाकडाकडेही बघायचं असतं. त्याच्या ठोकळ्यावर गव्हाच्या ओंबीसारखी खूण, देशाची अक्षरं आणि ‘एचटी’ असा शिक्का हवा. त्याचा अर्थ, हे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान अर्धा तास तापवलं आहे. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रस्त्यावरची झाडं आशियाई लांबशिंगी भुंग्याने पोखरलेली सापडली. तो भुंगा खोक्यांच्या कच्च्या लाकडातून आला असावा, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर सहा वर्षांनी हा नियम आला. फळ निर्दोष, पण पॅलेटवर शिक्का नाही, म्हणून माल अडकतो तेव्हा त्यामागे तो भुंगा असतो.

तिकडे फळ थंड होत असताना ऑफिसात दुसरा माल तयार होत असतो. आधी दोन साधे कागद: कमर्शियल इन्व्हॉइस, म्हणजे कुणी कुणाला काय किती किमतीला विकलं, आणि पॅकिंग लिस्ट, म्हणजे ते किती पेट्यांत, किती पॅलेटवर, निव्वळ आणि ढोबळ वजन किती. बाकी सगळे कागद या दोघांवरून उतरतात. इथे पडलेली चूक पुढे सात-आठ ठिकाणी छापली जाते.

इन्व्हॉइसवर मालाच्या नावाशेजारी एक आकडा असतो: ०८०६१०. हा ताज्या द्राक्षांचा एचएस कोड. पहिले दोन आकडे सांगतात की हे आठवं प्रकरण, फळं आणि सुकामेवा. पुढचे दोन म्हणजे द्राक्षं, शेवटचे दोन म्हणजे ताजी. बेदाण्याला तिथे १० च्या जागी २० येतात. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने बनवलेली ही वर्गवारी १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे, आणि तिच्यात पाच हजारांहून अधिक गट आहेत. पहिले सहा आकडे जवळजवळ सगळ्या जगात एकच. त्यापुढे प्रत्येक देश आपले आकडे जोडतो. आपल्याकडे आठ होतात. द्राक्षांसारख्या मालाचा कोड सोपा. पण तासगावचा कुणी उद्योजक बेदाणा, डाळी आणि मध मिसळून एखादा नाश्त्याचा पदार्थ पाठवू लागला, की तो फळ, धान्य की तयार खाद्य हा प्रश्न खरा होतो, आणि उत्तराप्रमाणे समोरच्या देशाचं शुल्क बदलतं. कोड ठरवण्याची जबाबदारी २०११ पासून कायद्याने माल पाठवणाऱ्यावर किंवा मागवणाऱ्यावर आहे. एजंटने टाकला, हे कारण पुढे टिकत नाही.

एजंट म्हणजे कस्टम्स ब्रोकर. बंदरावर सगळे त्याला अजून जुन्या नावाने सीएचए म्हणतात. निर्यातदाराकडे विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयईसी क्रमांक असतो, जो आता त्याचा पॅन क्रमांकच असतो, आणि बँकेचा एडी कोड बंदरात नोंदवलेला असतो. या दोन्हींच्या आधारावर सीएचए सीमाशुल्क खात्याच्या ‘आइसगेट’ या संकेतस्थळावर शिपिंग बिल भरतो. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ५० व्या कलमातला हा कागद आहे. पूर्वी तो फाइलींतून हातोहात फिरायचा. आता संगणकच जोखीम जोखून ठरवतो की हा माल उघडून पाहायचा की तसाच सोडायचा. सगळं ठीक असेल तर ५१ व्या कलमाखाली लेट एक्स्पोर्ट ऑर्डर निघते. बोलीत, एलईओ. बंदरातला सगळा श्वास त्या तीन अक्षरांवर थांबलेला असतो, कारण त्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही, आणि जहाजाची कट-ऑफ वेळ कुणासाठी हलत नाही.

एलईओची तारीख किती मोलाची असते हे कांदा उत्पादकांना १९ ऑगस्ट २०२३ च्या शनिवारी कळलं. त्या दिवशी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि ते लगेच लागू झालं. सीमाशुल्क कायद्याचं १६ वं कलम सांगतं की निर्यातीचा शुल्कदर हा माल सोडण्याचा आदेश ज्या दिवशी निघाला त्या दिवसाचा. शिपिंग बिल कधी भरलं, सौदा कधी ठरला, ट्रक लासलगावहून कधी निघाला, याला त्यात जागा नाही. म्हणजे सौदा जुन्या भावाचा, माल बंदराच्या दारात, आणि शुल्क नवं. आखातातला किंवा मलेशियातला खरेदीदार ते ४० टक्के देणार नाही, हे उघड होतं. डिसेंबरात तर निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये ती खुली झाली तेव्हा ४० टक्के शुल्क होतंच, सप्टेंबरमध्ये ते २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला संपलं. शहरातल्या भावाची चिंता सरकारने करू नये असं कुणी म्हणणार नाही. पण वाटेत आणि बंदरात असलेल्या मालाला दरबदलातून वगळणं अधिसूचनेच्या एका ओळीने शक्य असतं, आणि ती ओळ प्रत्येक वेळी असायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. तिच्या अभावाचा भार शेवटी लिलावातल्या बोलीत उतरतो.

द्राक्षांवर असं शुल्क नाही, तेव्हा आपला कंटेनर पुढे जाऊ दे. पॅकहाऊसच्या दारात चाळीस फुटी रीफर, म्हणजे शीत कंटेनर, उभा आहे. आतलं तापमान शून्याच्या आसपास आणलेलं. वीस पॅलेट आत जातात, सुमारे तेरा टन. मधल्या एका पॅलेटवर तापमान नोंदवणारं छोटं यंत्र चिकटवतात. ते रॉटरडॅमपर्यंत ठरावीक वेळाने नोंद करत राहील. दार बंद होतं. कडीतून जाड बोल्ट सील घालून ते ठोकतात, आणि कारकून सीलचा नंबर मोठ्याने वाचतो, दुसरा लिहून घेतो, तिसरा फोटो काढतो. हा सोहळा उगाच नाही. २०१७ पासून निर्यातदाराला आपल्या आवारात स्वतः सील करण्याची मुभा मिळाली, त्यासाठी रेडिओ लहरींनी वाचता येणारं इलेक्ट्रॉनिक सील आलं. त्या सीलचा नंबर शिपिंग बिलावरच्या नंबराशी जुळला तर बंदरात दार उघडावं लागत नाही. एक आकडा चुकला तर उघडावं लागू शकतं, आणि उन्हात उघडलेल्या रीफरमध्ये थंड मण्यांवर ओल धरते. ती ओल पुढे बुरशीला बोलावते. अर्थशास्त्रातला मुद्रा तपासणारा लेखनिक इथे स्कॅनर घेऊन उभा आहे.

वजनाचाही एक कागद असतो, व्हीजीएम. भरलेल्या कंटेनरचं खरं वजन पाठवणाऱ्याने लेखी द्यायचं. १ जुलै २०१६ पासून जगभर ही सक्ती आहे, कारण चुकीची वजनं सांगितलेले कंटेनर जहाजावर एकावर एक रचले की थप्प्या कोसळतात आणि माणसं मरतात. कसारा घाट उतरून आलेला आपला ट्रक या सगळ्या नंबरांसह बंदरात शिरतो आणि रीफरचा प्लग तिथल्या विजेला जोडला जातो.

याच सुमारास कागद मालाच्या पुढे निघून जातात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने नियम केला की जहाजावर कंटेनर चढण्याच्या चोवीस तास आधी त्यात काय आहे हे आम्हाला कळलं पाहिजे. युरोपने २०११ पासून तसंच मागायला सुरुवात केली. त्यामुळे द्राक्षं अजून न्हावा-शेव्यात असताना त्यांचा तपशील युरोपच्या सीमाशुल्क संगणकात पोचलेला असतो. तिथे शंका आली तर ‘हा चढवू नका’ असा निरोप इकडे येऊ शकतो. सरहद्द अशी हजारो किलोमीटर अलीकडे सरकली आहे, आणि आपल्या पॅकिंग लिस्टमधली चूक युरोपात दिसायला तीन आठवडे थांबावं लागत नाही.

माल चढला की जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंग देते. हा कागद तिहेरी आहे: माल मिळाल्याची पावती, वाहतुकीचा करार, आणि मालकीचा दस्तऐवज. ज्याच्या हाती मूळ प्रत, तो माल सोडवू शकतो. समुद्रात असलेला माल या कागदावर विकता येतो, बँकेकडे गहाण ठेवता येतो. भारतात यासाठी १८५६ चा कायदा होता. २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. या कागदावर एक वाक्य हमखास असतं: शिपर्स लोड, स्टो अँड काउंट. म्हणजे माल पाठवणाऱ्याने भरला, त्यानेच मोजला, आम्ही बंद सील पाहिलं, आत काय आहे ते आम्ही पाहिलेलं नाही. जहाज कंपनी सगळ्यात मोठी असते, पण तिचा शब्द सगळ्यात तोलून-मापून दिलेला असतो. बँकाही अशाच. सौदा लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या पैसे देण्याच्या हमीवर, असेल तर बँक माल बघतच नाही, फक्त कागद बघते, आणि जहाज निघाल्यापासून एकवीस दिवसांत ते सादर व्हावे लागतात. पेट्यांची संख्या एका कागदावर २,६०० आणि दुसऱ्यावर २,६२० दिसली तर ती पैसे थांबवते.

जुळण्याचा हा आग्रह आपल्या घरच्या सरकारचाही आहे. जीएसटी आल्यावर २०१७-१८ मध्ये असंख्य निर्यातदारांचे परतावे अडकले. त्यात एक चूक सर्रास होती: जीएसटीच्या विवरणपत्रात इन्व्हॉइसचा क्रमांक एका तऱ्हेने आणि शिपिंग बिलात दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला. मधला एखादा तिरका दांडा किंवा शून्य वेगळं. संगणक त्याला ‘एसबी ००५’ म्हणायचा आणि रक्कम धरून ठेवायचा. शेवटी अधिकाऱ्यांना हाताने जुळवून परतावे सोडण्याची सोय परिपत्रकांनी करून द्यावी लागली. तोवर लहान उद्योगांचं खेळतं भांडवल महिनोन् महिने गोठून राहिलं होतं.

सुएझमार्गे रॉटरडॅमला साधारण तीन आठवडे लागतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला. त्या हंगामात द्राक्षांचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. कागद एकही बदलला नाही, फळाचं वय मात्र वाढलं.

रॉटरडॅमला आयातदाराने आधीच युरोपच्या ‘ट्रेसेस’ प्रणालीत वनस्पती-आरोग्याचं प्रवेशपत्र भरलेलं असतं. तिथला निरीक्षक फायटो पाहतो, लेबल पाहतो, काही पेट्या उघडतो. संशय असेल तर नमुना प्रयोगशाळेत जातो. मर्यादेपेक्षा जास्त अंश निघाले तर सदस्य देशांच्या इशाराप्रणालीत नोंद होते आणि ती भारतात येते. मग पेटीवरचा प्लॉट क्रमांक वाचून ग्रेपनेटमधून त्या गावातल्या त्या बागेपर्यंत पोचता येतं. इथे ही साखळी शेतकऱ्याच्या विरोधात काम करते असं वाटेल. पण ती नसती तर एका बागेच्या चुकीपायी सगळ्या नाशिकचा माल अडला असता. २०१० ला साखळी असूनही यादी अपुरी होती, म्हणून जवळपास तेच झालं.

आता पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब. बागायतदाराच्या हाती यातला बहुतेक कागद येत नाही. त्याच्या हाती शेवटी येते ती पट्टी. माल विक्रीवर पाठवला असेल तर ती काही आठवड्यांनी येते, आणि तिच्यात वजावटी असतात: भाडं, बंदरखर्च, तिकडची पुन्हा पॅकिंग, कमिशन, आणि कधी कधी ‘माल खराब निघाला’ अशी एक ओळ. त्या ओळीपुढे शेतकरी गप्प बसतो, कारण माल हजारो किलोमीटरवर आहे. पण त्या ओळीची शहानिशा करायची साधनं याच साखळीत आहेत. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी निर्यात स्वतःकडे घेतली, त्याचं बळ मला इथे दिसतं: कागद त्यांच्या टेबलावर असतात. जो एकटा आहे त्यानेही निर्यातदाराशी करार करतानाच कंटेनर क्रमांक, बिल ऑफ लेडिंगची प्रत, तिकडच्या तपासणीचा लॉटनिहाय फोटोंसह अहवाल आणि तापमानयंत्राचा आलेख मिळण्याची अट घालावी. कंटेनर क्रमांक असला की जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर तो कधी उतरला हे कुणालाही पाहता येतं. आलेखात तापमानाची रेघ जहाजावर असताना चढली असेल तर भरपाईची मागणी जहाज कंपनीकडे जाते; उतरल्यानंतर चढली असेल तर आयातदाराला जाब विचारता येतो; आणि रेघ सरळ असेल तर प्रश्न बागेत किंवा पॅकहाऊसमध्ये आहे. जहाज कंपनीकडे तक्रार करायची तर समुद्री वाहतुकीचे प्रचलित नियम वेळ फार थोडा देतात. बाहेरून न दिसणारं नुकसान माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवावं लागतं, आणि दावा लावायचा तर एका वर्षाच्या आत. ते तीन दिवस रॉटरडॅमच्या गोदामात मोजले जातात, तेव्हा निफाडमध्ये अजून पट्टीची वाट पाहणं चालू असतं.